ढालगाव-जतच्या वाऱ्यात हिरवळ कशी राखावी

सांगली जिल्ह्यातल्या ढालगाव, जत, आटपाडी या पट्ट्यात लॉन करणारा माणूस उन्हाळ्याला घाबरतो आणि आषाढात गाफील राहतो. आभाळ भरून आलेलं असतं, पण पाऊस महाबळेश्वर-कोयनेकडेच सांडलेला. इकडे येतो तो नुसता वारा. पवनचक्क्या इथे उगाच उभ्या नाहीत. हा पश्चिमेचा वारा जमिनीची ओल ओढून नेतो आणि आपण ढगांकडे बघून मोटर बंद ठेवतो.

आधी जागा वाटून घ्या. गोल्फवाले चेंडू घरंगळतो ती 'ग्रीन' जिवापाड जपतात, कडेचा 'रफ' बराचसा निसर्गावर सोडतात. म्हैसाळ-टेंभू उपसा सिंचन योजनांच्या आवर्तनाची, म्हणजे पाणी सुटण्याच्या पाळीची वाट बघणाऱ्यांनी तेच करावं. मंगल कार्यालयाच्या पाच गुंठ्यांपैकी स्टेजसमोरचे दोन हिरवे राहिले तरी पुष्कळ.

गवत हरळीच लावा. गोल्फ कोर्सवरचं बर्म्युडा गवत तिच्याच कुळातलं. ऊन सोसते, सावली अजिबात नाही. त्यामुळे कडुनिंबाखाली हिरवळ करायचा हट्ट सोडा.

आता पाणी, कारण सगळं घोडं इथेच अडतं. 1 मिमी पाणी म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर. एक गुंठा साधारण 100 चौरस मीटर. भर उन्हाळ्यात हरळीला दिवसाला 5 मिमीच्या आसपास लागतं, म्हणजे गुंठ्याला 500 लिटर. रोज थोडंथोडं शिंपडलं तर मुळं वरच राहतात. भारी जमिनीत तीन-चार दिवसांचं एकदम द्या, मुरमाड जमिनीत दोन दिवसांचं.

स्प्रिंकलर पहाटेच लावा, वारा उठायच्या आत. किती पाणी पडतं ते मोजायला सरळ काठाचे श्रीखंडाचे रिकामे डबे लॉनवर ठेवा, पंधरा मिनिटं स्प्रिंकलर चालवा आणि पट्टी बुडवून बघा. वारा येतो त्या बाजूचे डबे जवळपास कोरडे निघाले, तर नोझल त्या बाजूला सरकवा किंवा जवळजवळ बसवा. तहान ओळखणं सोपं आहे: गवत निळसर-करडं दिसतं आणि चालून गेल्यावर पावलांचे ठसे तसेच राहतात. आषाढातसुद्धा ही खूण रोज बघा.

मृगाच्या आधी, वळीव पडून जमीन मऊ झाली, की पहारीने वीत-वीतभर अंतरावर चार-पाच इंच खोल भोकं पाडा. वर चाळलेलं शेणखत आणि वाळू पातळ पसरा. याच दिवसांत तिन्हीसांजेला बाभळी-कडुनिंबावर हुमणीचे भुंगेरे जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडा आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. हे टाळलं तर भाद्रपदापर्यंत अळ्या मुळं कुरतडतात आणि गवत हाताने धरलं तरी गोधडीसारखं उचललं जातं. मग औषधांचा खर्च.

युरिया गुंठ्याला 1 किलो, तोही वाढीच्या काळात महिन्यातून एकदाच. वारा पडल्यावर टाका, लगेच पाणी द्या. दिवाळीनंतर बंद.

कापणीत गोल्फच्या ग्रीनची नक्कल नको. तिथे 3-4 मिमी ठेवतात, पण त्यासाठी मशीन आणि माणसं वेगळी लागतात. आपल्याकडे दीड इंच ठेवा आणि एका वेळी पात्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग कापू नका.

पश्चिमेला शेवरी किंवा बांबूची दाट रांग लावा. अशी रांग आपल्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करते. पक्की भिंत मात्र नको; वारा तिच्यावरून उसळून पलीकडे आदळतो. सावली गवतावर येणार नाही इतकी जागा मध्ये सोडा.

थंडीत हरळी पिवळी पडते, मरत नाही. आठ-दहा दिवसांनी एक पाणी बास. पण तुळशीच्या लग्नानंतर कार्यालयं गजबजतात आणि नेमकं तेव्हाच हे गवत तुडवलं जातं. मंडपवाल्याला आधीच सांगून ठेवा: कार्पेट त्याच रात्री उचलायचं आणि खुर्च्यांच्या रांगा दर कार्याला थोड्या सरकवायच्या.