मायनस नंबर: घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

नागपुरात बर्डीवर समोरून येणाऱ्या बसचा बोर्ड वाचताना माझी भाची डोळे बारीक करायची. "मोबाईल तर बरोबर दिसते तुला, नाटकं नको करू," आम्ही म्हणायचो. इथंच चुकलो. लघुदृष्टीत, म्हणजे मायनस नंबरात, जवळचं नीटच दिसतं. डोळ्याचा गोळा मागेपुढे लांबट वाढतो, त्यामुळे लांबून येणारा प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच एकवटतो. पापण्या मिटत आणल्या की कडेचे किरण अडतात आणि अक्षरं जरा उघडतात. पोरीनं आपल्यापुरता काढलेला उपाय होता तो.

नंबरचा अर्थ सोपा आहे. 1 ला नंबरानं भागा, तेवढे मीटर. मायनस 2 असेल तर अर्ध्या मीटरपलीकडचं सगळं कमीजास्त धूसर. आता वर्गातला फळा किती लांब असतो, बघा.

पुढची चूक नंबर निघाल्यावरची. "सारखा लावला तर नंबर वाढते" म्हणून चष्मा दप्तरात ठेवायचा, नाहीतर मुद्दाम अर्धा पॉइंट कमी करून घ्यायचा. नंबर वाढतो तो गोळा वाढतो म्हणून, काचेमुळे नाही. मुद्दाम कमी नंबर दिलेल्या मुलांवर अभ्यास झाले आहेत. त्यानं नंबर थांबल्याचं दिसलं नाही.

मुलांचा पहिला नंबर डोळ्यांत स्नायू सैल करणारे थेंब न टाकता काढू नका. त्यांच्या भिंगाचे स्नायू आवळलेले राहिले, तर मायनस खोटाच जास्त निघतो. थेंबांनंतर ऊन खुपतं आणि जवळचं धूसर दिसतं, म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नका.

गाजरानं नंबर उतरत नाही. संत्र्यानं उतरला असता तर नागपुरात चष्म्याचं एकही दुकान चाललं नसतं! रोज सुमारे दोन तास बाहेरच्या उजेडात काढणं मात्र कामाचं. त्यानं लघुदृष्टी सुरू होण्याचा धोका कमी होतो. मे महिन्यातल्या 45 अंशांत पोरांना कोण बाहेर सोडणार? सकाळीच अंबाझरी तलावाकडे न्या. झाडाची सावलीही चालते, तिथं घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो.

मोठ्यांची चूक वेगळी. लेझर करून चष्मा गेला, की तपासणीही बंद. लेझर बुबुळाचा आकार बदलतं, लांबट गोळा तसाच राहतो. मायनस 6 च्या पुढच्यांचा पडदा ताणलेला असतो. अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके वाढले किंवा कडेनं सावली सरकली, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी पडदा दाखवा.