बिटकॉइनची किल्ली स्वतःजवळ कशी सांभाळावी: २०१२ पासूनच्या अनुभवावरून

मी २०१२ च्या सुरुवातीला पुण्यात, कोथरूडमधल्या भाड्याच्या खोलीत, एका सेकंडहँड रेडिऑन ५८५० ग्राफिक्स कार्डावर बिटकॉइन या डिजिटल चलनाचे मायनिंग, म्हणजे संगणकाला गणिते करायला लावून नवी नाणी मिळवण्याचे काम, सुरू केले. ते कार्ड सेकंदाला सुमारे ३० कोटी हॅश (म्हणजे त्या गणिताचे प्रयत्न) काढत असे आणि पूलमध्ये, म्हणजे मिळून मायनिंग करून बक्षीस वाटून घेणाऱ्या गटात, सामील झाल्यावर दिवसाला साधारण ०.२ बिटकॉइन पदरात पडे. तेव्हा एका बिटकॉइनचा भाव पाच डॉलरच्या आसपास होता, म्हणजे दिवसाची कमाई पन्नास रुपये. त्यातून चोवीस तासांची सहा युनिट वीज वजा केली की उरणारी रक्कम चहापाण्यापुरतीच असे. पुढे या नाण्यांना जी किंमत आली, ती ज्यांच्याकडे किल्ल्या (नाणी हलवण्याचा अधिकार देणारे गुप्त आकडे) शाबूत राहिल्या त्यांनाच मिळाली. म्हणूनच या लेखात मायनिंगबद्दल थोडके आणि किल्ली सांभाळण्याबद्दल सविस्तर लिहिले आहे.

घरी मायनिंग करण्याचा विचार असेल तर

आधी कागदावर हिशेब मांडा. २००९ मध्ये एका ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांच्या खातेवहीत जोडल्या जाणाऱ्या एका पानामागे, ५० बिटकॉइन मिळत. दर २,१०,००० ब्लॉकनंतर हे बक्षीस निम्मे होते आणि एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ वर आले आहे. सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक या वेगाने साऱ्या जगात मिळून दिवसाला सुमारे ४५० नवी नाणी तयार होतात. आता सेकंदाला २०० टेराहॅश (एक टेराहॅश म्हणजे एक लाख कोटी हॅश) काढणारे आणि ३,५०० वॅट वीज घेणारे एक यंत्र घ्या. २०२४ च्या मध्यावर साऱ्या जाळ्याची एकत्रित ताकद सुमारे ६०० एक्साहॅश (एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) होती, म्हणजे तुमच्या यंत्राचा वाटा तीस लाखांतला एक. दिवसाला ०.०००१५ आणि महिन्याला ०.००४५ बिटकॉइन. एका बिटकॉइनचा तेव्हाचा भाव ५५ लाख रुपये धरला, तर ही रक्कम २४,७५० रुपये होते. तेच यंत्र महिन्याला २,५२० युनिट वीज घेते, आणि युनिटला दहा रुपये धरले तरी बिल २५,२०० रुपये येते. एवढी वीज वापरणाऱ्या घरगुती ग्राहकाला महाराष्ट्रात प्रत्यक्षात याहून जास्त दर पडतो. यंत्राची किंमत आणि पूलची फी तर अजून धरलेलीच नाही. शिवाय हे यंत्र पंधरा अँपियर सतत ओढत राहते, त्यामुळे गीझरच्या सॉकेटवर ते चालवणे धोक्याचे आहे. माझे कार्ड याच्या तुलनेत अगदी किरकोळ होते, तरीही एप्रिलमध्ये ते नव्वद अंशांपर्यंत तापे. मग कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबल फॅन लावावा लागे, आणि त्या खोलीत झोपणे अशक्य होई.

तरीही कोणी मायनिंग करणारच असेल, तर पूलकडून मिळणाऱ्या रकमेची किमान मर्यादा वर ठेवावी, कारण ती खाली ठेवण्याची चूक वर्षानुवर्षे दिसत नाही आणि मग एकदम अंगावर येते. मी ०.०१ बिटकॉइन जमले की लगेच वॉलेटमध्ये (किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मागवत असे. वॉलेटमध्ये एकच शिल्लक दिसते, पण आत प्रत्येक जमा रक्कम सुट्या नाण्यासारखी वेगळी पडून असते. खर्च करताना अशी जितकी नाणी एकत्र ओतावी लागतात, तितका व्यवहार लांबतो, आणि फी व्यवहाराच्या लांबीवर ठरते, रकमेवर ठरत नाही. जुन्या प्रकारच्या पत्त्यावरचे (पत्ता म्हणजे नाणी जमा होतात तो खाते क्रमांकासारखा संकेत) एक नाणे व्यवहारात साधारण १४८ बाइट जागा घेते. डिसेंबर २०१७ मध्ये फी भडकली होती, तेव्हा बारीक रकमांचा असा ढीग हलवणे परवडण्यासारखे राहिले नव्हते. ज्यांच्याकडे असा ढीग आहे त्यांनी घाई नसताना, फी अगदी खाली असलेल्या एखाद्या रविवारी, सगळ्या सुट्या रकमा स्वतःच्याच एका नव्या पत्त्यावर पाठवून एकत्र कराव्यात. मात्र वेगवेगळी नाणी एकाच माणसाची आहेत, हे त्या व्यवहारानंतर कोणालाही दिसू शकते, एवढे ध्यानात असू द्यावे.

वॉलेटमध्ये नेमके काय असते

वॉलेटमध्ये नाणी नसतात. नाण्यांची नोंद जगभरच्या संगणकांवर सारखीच असलेल्या खातेवहीत असते आणि वॉलेटमध्ये ती नोंद हलवण्याचा अधिकार देणारी खासगी किल्ली असते. हे नीट न समजल्यामुळे मी २०१३ मध्ये साडेतीन बिटकॉइन गमावले. तेव्हाचे मूळ वॉलेट सर्व किल्ल्या एका फाइलमध्ये ठेवत असे आणि शंभर किल्ल्या आगाऊ तयार करून ठेवत असे. त्या फाइलची प्रत मी एका सीडीवर उतरवली आणि निश्चिंत झालो. पण प्रत्येक जमा रकमेसाठी नवा पत्ता घेण्याची माझी सवय होती, आणि मी कोणाला पैसे पाठवले की उरलेली मोडही गुपचूप एका नव्या किल्लीकडे जात असे. वर्षभरात त्या शंभर किल्ल्या संपल्या आणि त्यानंतरच्या किल्ल्या फक्त हार्ड डिस्कवर राहिल्या. डिस्क बंद पडली, सीडी उघडली, शिल्लक दिसली, पण ती कमी होती. बाकीची नाणी आजही खातेवहीत जागच्या जागी आहेत. मला त्यांचे पत्ते दिसतात, पण ती हलवता येत नाहीत.

आजच्या वॉलेटमध्ये ही अडचण राहिलेली नाही. २०१३ पासून रुळलेल्या पद्धतीत २,०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरावीक यादीतून बारा किंवा चोवीस शब्द निवडले जातात आणि पुढच्या सर्व किल्ल्या त्या शब्दांतूनच निघतात. एकदा लिहून ठेवलेले शब्द पुढच्या हजाराव्या पत्त्यालाही पुरतात. पण त्यामुळे सगळा भार त्या एका कागदावर येतो, आणि तो कागद कसा लिहायचा यात खूप काही आहे.

शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत, एकेक क्रमांक घालून लिहा. देवनागरीत लिहू नका. ओळखीच्या एका गृहस्थांनी कोणाला कळू नये म्हणून शब्द मराठी लिपीत लिहिले होते, त्यात ‘राइट’ हा शब्द होता. त्या यादीत ‘बरोबर’ या अर्थाचा राइट आहे आणि ‘लिहिणे’ या अर्थाचाही आहे. शेवटच्या शब्दात पडताळणीचा अंश असल्यामुळे वॉलेटने चुकीचा पर्याय नाकारला आणि दुसऱ्या खेपेला काम झाले, पण असे दोन-तीन शब्द असते आणि त्यात क्रमाचीही शंका असती, तर तो माणूस अडकला असता. यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, त्यामुळे ती चार अक्षरे स्वच्छ असणे सर्वांत महत्त्वाचे. शब्दांचा फोटो काढू नका, स्वतःच्याच ईमेलवर पाठवू नका, व्हॉट्सॲपवर ठेवू नका. फोनमधले फोटो आपोआप दुसऱ्या संगणकावर चढतात आणि त्या क्षणी किल्ली आपल्या हातून निसटते.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचारही करायला हवा. कपाटात ठेवलेला कागद कोकणात तीन पावसाळ्यांत बुरसटतो आणि जेल पेनची शाई फुटते. मी स्टेनलेस स्टीलची एक जाड पट्टी आणून, लग्नातल्या भांड्यांवर नावे घालण्यासाठी वापरतात तसल्या हाताच्या यंत्राने तिच्यावर शब्द कोरले. हे काम भांड्यांच्या दुकानात करून घेऊ नये, यंत्र मिळवून दार लावून स्वतः करावे. एक पट्टी घरात आणि दुसरी वेगळ्या गावात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये असावी, म्हणजे आग, पूर किंवा चोरी यांपैकी एकाच घटनेत दोन्ही जाणार नाहीत. शब्द निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे ठेवण्याचा मोह टाळा. एक भाग हरवला तर सगळेच जाते, आणि बारा शब्दांपैकी सहा चोराच्या हाती लागले तर उरलेले शोधण्याचे काम त्याला पुष्कळ सोपे होते.

रक्कम महिन्याच्या पगाराहून मोठी असेल तर हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली संगणकाबाहेर ठेवणारे छोटे यंत्र, घ्या आणि ते थेट उत्पादकाकडून मागवा. डब्यात शब्द आधीच लिहिलेला कागद निघाला, तर ते यंत्र दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यातले आहे असे समजून वापरू नका. पैसे पाठवताना पत्ता संगणकावर पाहून भागत नाही, तो यंत्राच्या स्वतःच्या छोट्या पडद्यावर वाचावा, कारण कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना गुपचूप बदलणारे व्हायरस असतात. मोठी रक्कम हलवण्याआधी हजारभर रुपयांचा व्यवहार करून तो पोहोचल्याची खात्री करा. फी दोनदा जाते, ती जाऊ द्या.

रंगीत तालीम

नव्या वॉलेटवर पैसे टाकण्याआधी ते पुसून पुन्हा उभे करता येते का, हे पाहायलाच हवे. पहिला पत्ता कागदावर उतरवा. यंत्र पूर्ण पुसा. पट्टीवरचे शब्द वाचून ते पुन्हा सुरू करा आणि तोच पत्ता उमटतो का ते ताडून पाहा. शब्द बरोबर असूनही शिल्लक शून्य दिसली तर घाबरू नका. त्याच शब्दांतून एकने सुरू होणारे जुने पत्ते, तीनने सुरू होणारे मधल्या काळातले पत्ते आणि ‘बीसी१’ने सुरू होणारे नवे पत्ते असे वेगवेगळे संच निघतात, आणि बहुतेक वेळा वॉलेट चुकीच्या संचात पाहत असते. म्हणून शब्दांजवळ वॉलेटचे नाव, पत्त्याचा प्रकार आणि सुरू केल्याचे वर्ष लिहून ठेवावे. शब्दांखेरीज वेगळा सांकेतिक शब्द जोडला असेल, तर तो जोडला आहे एवढी नोंद तरी हवीच, कारण तो चुकला तर वॉलेट चूक दाखवत नाही, मुकाट्याने दुसरेच रिकामे वॉलेट उघडते.

एक्सचेंज आणि बँक

खरेदी-विक्रीसाठी एक्सचेंज, म्हणजे नाण्यांचा बाजार चालवणारी कंपनी, लागतेच, पण नाणी तिथे मुक्कामाला ठेवू नयेत. टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्सचेंजने फेब्रुवारी २०१४ मध्ये दिवाळे जाहीर केले, तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गेल्याचे सांगितले गेले, आणि त्यातली नंतर सापडलेली नाणी ठेवीदारांना परत मिळू लागली ती जुलै २०२४ मध्ये. आपल्याकडे धोका वेगळ्या दिशेनेही आला. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये परिपत्रक काढून बँकांना या धंद्याशी व्यवहार करण्यास मनाई केली आणि एक्सचेंजमधून रुपये काढणे अवघड झाले. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. मधली दोन वर्षे ज्यांच्या किल्ल्या स्वतःजवळ होत्या, त्यांना थांबण्यापलीकडे काही करावे लागले नाही.

कर मात्र चुकवू नका. २०२२ च्या अर्थसंकल्पानंतर अशा मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर उपकर लागतो, विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च खरेदीची किंमत म्हणून धरता येणार नाही, असे सरकारने संसदेत सांगितले आहे, आणि घरी यंत्र बसवण्याच्या हिशेबात हा मुद्दा बहुतेक जण विसरतात. प्रत्येक नाणे कधी आणि कोणत्या भावाने मिळाले याची वही ठेवा. माझ्या जुन्या पूलचे संकेतस्थळ बंद पडले, तेव्हा मी आधीच छापून ठेवलेल्या यादीखेरीज दुसरा पुरावा उरला नव्हता. विक्रीच्या वर्षी सीए गाठा.

धरून ठेवणे

नोव्हेंबर २०१३ मध्ये हजार डॉलर ओलांडलेला भाव जानेवारी २०१५ मध्ये दोनशेच्या आसपास होता. डिसेंबर २०१७ मधला १९,००० चा भाव वर्षभरात साडेतीन हजारांच्या खाली गेला, आणि नोव्हेंबर २०२१ मधला ६९,००० चा भाव पुढच्या नोव्हेंबरात सोळा हजारांखाली होता. या तिन्ही उतरणी मी पाहिल्या आहेत आणि माझे ठाम मत आहे, की चार वर्षे हात न लावता येईल तेवढीच रक्कम यात असावी. मुलांची फी, आईवडिलांचे औषधपाणी, घराचा हप्ता यांसाठीचे पैसे बाहेर हवेत. किती आणि कशासाठी विकायचे हे भाव शांत असताना लिहून ठेवा. मी लिहून ठेवले होते, म्हणून २०१७ मध्ये घराच्या पहिल्या भरण्याएवढी नाणी विकली आणि बाकीची ठेवली.

आपल्यामागे

तुम्ही नसताना घरच्यांना ही नाणी मिळतील का, याची चाचणी तुम्ही हजर असतानाच घेता येते. मी दोन पानांची चिठ्ठी मराठीत लिहिली, रिकामे वॉलेट पत्नीसमोर ठेवले आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसलो. मी विचारू देणार नाही, असे आधीच ठरले होते. पंचवीस मिनिटांनी तिने हाक मारली: “अहो, ‘जुने वॉलेट’ म्हणजे कुठले? इथे तर दोन आहेत.” चिठ्ठी लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एकच होते. पुढे ती सांकेतिक शब्दापाशीही अडली, कारण त्याचे पहिले इंग्रजी अक्षर मोठे की लहान याबद्दल मी काहीच लिहिले नव्हते. आम्ही त्या दोन्ही जागा दुरुस्त केल्या, वॉलेटच्या मागे रंगीत पट्ट्या चिकटवल्या आणि चिठ्ठीवर तारीख घातली. मृत्युपत्रात नाण्यांचा आणि चिठ्ठीच्या जागेचा उल्लेख केला, पण शब्द त्यात घातले नाहीत, कारण मृत्युपत्र अनेकांच्या हातांतून जाते. आता दर दिवाळीच्या आधी, कपाटे आवरताना, पत्नी ती चिठ्ठी काढून पुन्हा एकदा पहिल्या ओळीपासून वॉलेट उघडून पाहते आणि मी शेजारच्या खोलीत बसतो.