लेझर सुरू करण्याआधी: प्लास्टिक आणि मिश्र साहित्याच्या जोडकामाची तयारी

लेझरने जोडलेला प्लास्टिकचा भाग गळला किंवा उकलला की पहिला संशय यंत्रावर घेतला जातो आणि शक्ती वाढवून पाहिली जाते. परंतु त्या जोडाचे भवितव्य बहुतेक वेळा कच्च्या प्लास्टिकच्या दाण्यांच्या पोत्यात, साच्यात आणि क्लॅम्पमध्येच, म्हणजे भाग दाबून धरणाऱ्या पकडीत, ठरलेले असते. त्यामुळे पुढील तयारीत यंत्राची मापने सर्वांत शेवटी येतात, आणि हा क्रम मोडू नये असा माझा आग्रह आहे.

सर्वप्रथम जोडीला येणारी दोन्ही प्लास्टिके एकमेकांत मिसळतात का, हे निश्चित करावे. वितळलेले दोन थर एकमेकांत शिरले, त्यांच्या रेणूसाखळ्या गुंतल्या, तरच खरा जोड तयार होतो. पॉलिकार्बोनेट आणि एबीएस, किंवा पीएमएमए (ॲक्रिलिक) आणि एबीएस, यांची जोडी चांगली जमते. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन दिसायला सारखी असली तरी त्यांचा जोड सहसा भरवशाचा नसतो. दोन्हींचे वितळण्याचे तापमानही शेजारी मांडून पाहावे. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते, तर नायलॉन ६६ ला सुमारे २६० अंश लागतात. एक थर पातळ होईपर्यंत दुसरा जळू लागत असेल, तर कोणतीही मापने कामी येणार नाहीत. पीव्हीसीला मात्र या कामातून बाहेरच ठेवावे, कारण जास्त तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि तो फुप्फुसांना जसा घातक तसाच यंत्रालाही.

यानंतर येते या पद्धतीचे मर्म, म्हणजे किरण कोठे थांबतो हा प्रश्न. नेहमीच्या पद्धतीत ८०८ ते १०७० नॅनोमीटरच्या पट्ट्यातील डायोड किंवा फायबर लेझरचा किरण वरच्या भागातून आरपार जातो, खालच्या भागात शोषला जातो, आणि तेथे निर्माण झालेली उष्णता दोन्ही भागांच्या सीमेवर वितळलेला थर तयार करते. खालच्या भागात शोषणासाठी थोडासा कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड), बहुधा एक टक्क्याहून कमी, पुरेसा असतो. दोन्ही भाग काळे हवे असल्यास वरच्या भागासाठी डोळ्यांना काळा दिसणारा पण अवरक्त किरण जाऊ देणारा रंग वापरावा लागतो, ही गोष्ट रंगपुरवठादाराला मागणी देतानाच लेखी कळवावी. पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइड किरण विखुरतो, म्हणून वरचा भाग पांढरा ठेवण्याचा हट्ट असेल तर चाचण्यांसाठी जास्त वेळ राखून ठेवावा. दोन्ही भाग स्वच्छ पारदर्शक असल्यास दोन मायक्रोमीटरच्या आसपासचा थुलियम फायबर लेझर विचारात घ्यावा, कारण त्या तरंगलांबीला अनेक प्लास्टिके स्वतःच थोडे शोषण करतात.

वरच्या भागातून किती टक्के किरण पार होतो, याचे मोजमाप प्रत्यक्ष भागावर करावे. पुरवठादाराच्या माहितीपत्रकातील सपाट नमुन्याचा आकडा येथे पुरेसा नाही. पॉलिकार्बोनेटसारखी अस्फटिकी (रेणूंची सुबक मांडणी नसलेली) प्लास्टिके बहुतेक किरण सहज पुढे पाठवतात, पण नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन आणि विशेषतः पीबीटी ही अर्धस्फटिकी, म्हणजे काही भागांत स्फटिकासारखी रचना असलेली, असल्याने किरण आत विखुरला जातो. काचतंतू मिसळले की तो आणखी पसरतो, आणि जाडी वाढेल तसा पोहोचणारा वाटा झपाट्याने घटतो. साचा थंड ठेवला की स्फटिकीभवन कमी होऊन पारगमन (पार होणाऱ्या किरणाचा वाटा) वाढते, तापलेल्या साच्यात उलट घडते. एकाच भागात गेटजवळचा (साच्यात प्लास्टिक शिरते त्या तोंडाजवळचा) आकडा दूरच्या टोकापेक्षा वेगळा येऊ शकतो. त्यामुळे जोडरेषेवरील निदान चार-पाच ठिकाणी, कामात वापरायच्याच तरंगलांबीला, वेगवेगळ्या पोत्यांतील आणि वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या भागांवर हे मोजावे. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण माझ्या मते संपूर्ण तयारीत याच्याइतका मोबदला देणारे दुसरे काम नाही. वरच्या भागात पुनर्वापराचा चुरा मिसळत असतील, तर त्यात काळ्या प्लास्टिकचा कणही नसल्याची खात्री करावी. असा एक कण पृष्ठभागावर आला तरी किरण तेथेच अडतो आणि जोडरेषेवर जळल्याचा डाग पडतो.

भाग कोरडे आणि स्वच्छ असावेत. पॉलिकार्बोनेटचे दाणे साच्यात जाण्यापूर्वी सुमारे १२० अंशांवर तीन-चार तास सुकवतात, हे सर्वांना ठाऊक असते. पण नायलॉनचा तयार भागही हवेतून पाणी ओढतो, याकडे दुर्लक्ष होते. नायलॉन ६६ साधारण खोलीच्या हवेत मुरल्यावर वजनाच्या सुमारे २.५ टक्के पाणी धरून ठेवते, आणि जोडताना त्याची वाफ होऊन थरात बुडबुडे राहतात. असे भाग साच्यातून निघताच जोडावेत, अन्यथा ओलावा न शिरणाऱ्या पिशवीत बंद ठेवावेत. साचा सोडवण्यासाठी सिलिकोन फवारत असतील तर तो थांबवावा, आणि जोडाच्या जागेला उघड्या बोटांचा स्पर्श होऊ देऊ नये.

क्लॅम्पबद्दल एकच मुद्दा, पण तो पक्का धरावा: उष्णता खालच्या भागातून वर जाण्यासाठी दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले असले पाहिजेत. ०.१ मिलिमीटरची फटही बहुतेक वेळा जास्त ठरते. वाकलेला भाग दाबून सरळ करता येतो, पण मग तो ताण जोडात कायमचा राहतो. म्हणून वाकडेपणा साच्यातच सुधारावा.

प्लास्टिकला धातू जोडायचा असेल तर तयारी वेगळी होते, कारण येथे रेणूंची सरमिसळ होत नाही. धातूच्या पृष्ठभागावर आधी लेझरने काही दशक मायक्रोमीटर रुंदीच्या, शक्यतो आत रुंदावणाऱ्या खाचा कोरतात. नंतर धातू तापवून प्लास्टिक त्या खाचांत वितळवतात आणि थंड झाल्यावर ते तेथेच अडकते. खाचांची दिशा भाराच्या दिशेला आडवी ठेवावी आणि कोरल्यानंतर उरलेली धूळ काढूनच पुढे जावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रसरणाचा हिशेब आधी कागदावर मांडावा. १०० मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा १०० अंशांच्या फरकाने सुमारे ०.२३ मिलिमीटर वाढतो, तर काचतंतू नसलेले नायलॉन ६६ सुमारे ०.८ मिलिमीटर. हा अर्ध्या मिलिमीटरहून मोठा फरक जोडालाच सोसावा लागतो, आणि जोड पहिल्या दिवशी कितीही मजबूत वाटला तरी तापमानाच्या फेऱ्यांत तो याच ताणामुळे सुटू लागतो. काचतंतू मिसळलेले नायलॉन घेतल्यास तंतूंच्या दिशेत हा फरक बराच कमी होतो. जोडाची लांबी तुकड्यांत विभागणे हाही एक उपाय आहे.

आता यंत्राकडे वळावे. एका किरणाने रेषा काढत जाणे किंवा आरशांनी तोच किरण संपूर्ण रेषेवरून वेगाने पुन्हापुन्हा फिरवणे, या दोन पद्धतींतून निवड करताना भागाचा वाकडेपणा लक्षात घ्यावा. दुसऱ्या पद्धतीत सगळी रेषा एकाच वेळी मऊ होते, भाग थोडा खाली बसतो आणि लहान उंचसखलपणा भरून निघतो. किती बसला ते मोजता आले तर गुणवत्तेची फार उपयोगी खूण हाती लागते. शक्ती भागिले वेग म्हणजे प्रत्येक मिलिमीटरला मिळणारी ऊर्जा. २० वॅट आणि सेकंदाला २० मिलिमीटर म्हणजे मिलिमीटरला एक जूल. एक वेग ठरवून शक्ती पायरीपायरीने वाढवावी, जोड कमकुवत असण्यापासून जळण्यापर्यंतच्या सर्व पायऱ्यांचे नमुने ठेवावेत आणि मधली जागा निवडावी. तोच जूल-आकडा दुप्पट वेगाला तसाच लागू पडेल असे मानू नये, कारण उष्णतेला वरच्या भागात शिरायला वेळ लागतो.

नेहमीच्या पद्धतीतील ८०८ ते १०७० नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, तरी डोळ्याचे भिंग तो दृष्टिपटलावर एकवटते. त्यामुळे पापणी मिटण्याची नैसर्गिक सवय येथे वाचवत नाही. बंद कक्ष, दार उघडताच किरण तोडणारा इंटरलॉक, नेमक्या तरंगलांबीसाठीचे चष्मे आणि धूर ओढणारी व्यवस्था पहिल्या चाचणीपूर्वीच तपासलेली असावी.

नमुन्यांचे मायक्रोटोमने पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली वितळलेल्या थराची जाडी आणि बुडबुडे पाहावेत, गळतीची आणि फोडण्याची चाचणी करावी, आणि धातूच्या जोडांना तापमानाच्या फेऱ्यांनंतरच मान्यता द्यावी. मंजूर झालेल्या भागांपैकी काही भाग, त्यांच्या दाण्यांचा बॅच क्रमांक, साच्याचे तापमान आणि पारगमनाचे आकडे यांच्यासह जपून ठेवावेत. रंग, पुरवठादार किंवा साचा यांपैकी काहीही बदलले की पारगमनाच्या मोजणीपासून पुन्हा सुरुवात करावी.