जुनी बोट घेतली, पण कागद अर्धवट आहेत? नोंदणी अशी करा

कोकणातल्या कुठल्याही बंदरावर जुनी मासेमारी बोट विकत घ्यायला निघालात की जेटीवरच सल्ला मिळतो, ‘पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घे, नोटरी कर, नाव चढतं.’ चढत नाही. सही करणारा माणूस समोर आला आणि त्याने सही केली, एवढंच नोटरी सांगतो. बोट त्या माणसाची होती का, हे तो सांगत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याचा मूळ नियम असा, की जो मालक नाही तो दुसऱ्याला मालकी देऊ शकत नाही. बोट ही कायद्याने जंगम मालमत्ता, त्यामुळे हा नियम तिला सरळ लागू होतो. मच्छिमार संस्थेच्या कामात अशी प्रकरणं माझ्याकडे सतत येतात, आणि बहुतेकांचा पैसा आणि हंगाम याच एका सल्ल्यापायी वाया गेलेला असतो.

आधी एक फरक डोक्यात पक्का ठेवा. नोंदणी वेगळी आणि परवाना वेगळा. नोंदणी देशपातळीवरची आहे. ती १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या मासेमारी नौकांच्या भागाखाली चालत आली आणि आता ‘रिअलक्राफ्ट’ या केंद्रीय ऑनलाइन प्रणालीवर होते. तिथे आयएनडी, मग महाराष्ट्राचं एमएच, मग बंदराचा आकडा, मग यांत्रिक नौकेसाठी एमएम आणि शेवटी बोटीचा क्रमांक, असा नंबर मिळतो. परवाना राज्याचा, १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखालचा. २०२५ मध्ये संसदेने नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला आहे, तेव्हा अर्जावर कोणत्या कायद्याचं नाव आहे ते कार्यालयात विचारून घ्या. पण मालकीची साखळी जोडण्याचं काम कायदा बदलला म्हणून टळत नाही.

ही कडक तपासणी उगाच आलेली नाही. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवून तिच्यावरून मुंबईच्या दिशेने आले होते. त्यानंतर बेनामी बोटीकडे कुणी सहज नजरेने पाहत नाही, आणि पाहूही नये. तुमच्यासाठी आणखी एक कारण आहे. तौक्तेसारख्या वादळात बोट फुटली तर भरपाई मागताना पहिला प्रश्न येतो तो दप्तरातल्या नावाचा. विमा आणि डिझेल परतावा यांचंही तसंच.

पूर्ण पैसे अजून देऊ नका. इसार द्या, आणि ‘नोंदणी नावावर झाल्यावर उरलेली रक्कम’ असं करारात लिहून घ्या. विकणारा याला तयार नसेल तर ती बोट सोडा.

आता दप्तरात बोट कुणाच्या नावावर आहे ते शोधा. केबिनवर आणि नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाजवळ, रंगाच्या थराखाली जुना नंबर बहुतेक वेळा सापडतो. तो घेऊन मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे जा. बोट फार जुनी असेल तर बंदर कार्यालयातही विचारा. ज्या संस्थेकडून ती बोट डिझेल घेत होती तिचं डिझेल रजिस्टर बघायला विसरू नका. बोटीचा नंबर, मालक, इंजिन हे सगळं त्यात वर्षवार मिळतं. जुनी विमा पॉलिसी, बँकेचं कर्जपत्र, नुकसानभरपाईची यादी यांतूनही दुवे निघतात.

दप्तर सापडत नाही असं उत्तर आलं तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करा. उत्तराची मुदत तीस दिवस. पण हा अर्ज तुमच्या नावाने केलात तर ‘त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येण्याची शक्यता बरीच असते. नोंदणीकृत मालकाने किंवा त्याच्या वारसाने स्वतःच्याच नोंदीची साक्षांकित प्रत मागितली तर ही अडचण उरत नाही. म्हणून त्यांना शोधून त्यांच्या सहीने अर्ज करा.

तुटलेली साखळी जोडणं

सगळं अडतं ते इथे, आणि मलाही सर्वांत जड गेलेला टप्पा हाच. नेहमीचं चित्र असं असतं: दप्तरात आजोबांचं नाव, ते वारले. एका मुलाने बोट वहीच्या पानावर लिहून दुसऱ्याला दिली. त्याने चार हंगाम चालवून तिसऱ्याला विकली. तो तिसरा आता तुमच्यासमोर उभा आहे, आणि त्याच्या हातात फक्त दुसऱ्याची चिठ्ठी आहे.

बहुतेक लोक स्वतःपासून मागे मागे जायला लागतात. तिसऱ्याकडून खरेदीखत, मग दुसऱ्याकडून, मग मुलाकडून, अशी कागदांची चळत तयार होते. एवढं करूनही पहिला दुवा कच्चाच राहतो, कारण एका मुलाला सगळ्यांची बोट एकट्याने विकण्याचा अधिकार नव्हता. उलट दिशेने या. ज्याचं नाव दप्तरात आहे तिथून सुरुवात करा. तो हयात असेल तर त्याच्याकडून, नसेल तर त्याच्या सर्व वारसांकडून थेट तुमच्या नावाने एकच हस्तांतरण लेख करून घ्या. मधल्या दोघांना त्याच लेखात ‘मान्यता देणार’ म्हणून सामील करा. आपल्याला पैसे पोचले आहेत आणि या बोटीवर आपला कसलाही हक्क नाही, असं त्यांच्याकडून लिहून सह्या घ्या. एका कागदात सगळी माणसं आली की अधिकाऱ्याला तपासायला सोपं जातं आणि उद्या कुणी फिरला तर तुमच्या हातात पुरावा असतो.

‘सर्व वारस’ म्हणजे खरोखर सर्व. हिंदू मालक मृत्युपत्र न करता वारला असेल तर विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर तीही, हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. सासरी गेलेल्या मुलींना वगळून तयार केलेले लेख मी अजूनही बघतो. आणि पुढे हरकत येते ती त्यांच्याकडूनच, हक्काने येते. मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल तर तिच्या मुलाबाळांकडे जावं लागतं. मुस्लिम कुटुंबात वाटे त्यांच्या वैयक्तिक कायद्याने ठरतात. तिथे पत्नी, मुली, आईवडील यांचे हिस्से ठरलेले आहेत, तेव्हा अंदाजाने यादी करू नका, वकिलाकडून करून घ्या.

कोकणात एखादा वारस आखातात असणारच. त्याच्याकडून मुखत्यारपत्र घ्या, तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून. ते महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. व्हॉट्सअॅपवरचा ‘माझी हरकत नाही’ हा संदेश दप्तरात कुणी घेत नाही.

वारस कोण हे दाखवायला तलाठ्याकडची वारस नोंद किंवा सरपंचांचा दाखला जोडला की झालं, असं सांगणारे भेटतील. तलाठ्याची वारस नोंद जमिनीसाठी असते. वारसांमध्ये एकमत असेल तर मृत्यूचा दाखला, सर्वांची प्रतिज्ञापत्रं, वंशावळ आणि क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे नुकसान झालं तर ते भरून देण्याची लेखी हमी) यांवर काम होऊ शकतं. हे अधिकाऱ्याला आधी विचारून घ्या. मतभेदाचा जरा जरी वास आला तर दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र काढा. आपल्याकडे ते १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठ खाली मिळतं. न्यायालय जाहीर नोटीस काढून हरकती मागवतं, त्यामुळे महिने लागतात. ते महिने विकणाऱ्याने सोसायचे. तुम्ही पूर्ण पैसे देऊन ते सोसत बसू नका.

नोंदणी प्रमाणपत्र हरवलं असेल तर दुय्यम प्रत मागायची ती नोंदणीकृत मालकाने किंवा वारसांनी. पोलिसांत गहाळ झाल्याची तक्रारही ज्याच्याकडून हरवलं त्यानेच द्यायची. एजंट तुम्हाला सांगेल, ‘तुमच्याच नावाने तक्रार टाका, पटकन होतं.’ जो कागद तुमच्या हातात कधी आलाच नाही तो हरवला म्हणून पोलिसांना लिहून देणं म्हणजे खोटी माहिती देणं. पुढे वाद झाला की समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. हे अजिबात करू नका.

लेख होण्याआधी स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. तिच्यात बोटीचं नाव, नंबर, लांबी, इंजिन क्रमांक आणि हरकतीसाठी पंधरा दिवस हवेत. ज्या बंदरात बोट पूर्वी लागायची तिथे वाचलं जाणारं वर्तमानपत्र निवडा. मुंबईच्या वर्तमानपत्रातल्या कोपऱ्यातल्या जाहिरातीने हर्णै बंदरातल्या माणसाला काही कळत नाही.

आणि मालकाचा किंवा वारसांचा मागच लागत नसेल तर? मग उरतो दिवाणी न्यायालयातला मालकी ठरवून घेण्याचा दावा. त्या पैशात आणि वेळेत दुसरी बोट येते. मी अशा वेळी घेऊ नका असंच सांगतो.

बोजा

कर्जाने घेतलेल्या बोटी आपल्याकडे खूप आहेत. राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जावर संस्थांमार्फत किती तरी यांत्रिक नौका आल्या. कर्ज फिटलं तरी दप्तरातला बोजा, म्हणजे बोटीवरच्या कर्जाची नोंद, तसाच राहिलेला असतो. थकबाकी नसल्याचा दाखला मूळ मालकाच्या नावाने घ्या. संस्था अवसायनात गेली, म्हणजे गुंडाळली जात असेल, तर ते काम बघणाऱ्या अवसायकाकडे जा.

इंजिन आणि माप

दप्तरात रस्टन कंपनीचं इंजिन आणि बोटीत लेलँडचं सहा सिलिंडरचं, हे सर्रास दिसतं. बदललेल्या इंजिनाचं बिल शोधा. क्रमांकाच्या पट्टीचा पेन्सिलने ठसा घेऊन ठेवा. बोट नंतर वाढवली असेल तर लांबी जुळणार नाही. ते लपवू नका, ज्या कारखान्यात काम झालं तिथला दाखला जोडा. तपासणीची तारीख १ जून ते ३१ जुलैच्या बंदीकाळात मागा. बोट किनाऱ्यावर ओढलेली असते, माप घेणं सोपं जातं. ती पावसासाठी शाकारण्याआधीच, म्हणजे झाकून टाकण्याआधीच, तपासणी अधिकाऱ्याला बोलवा.

बोट गुजरात, गोवा किंवा कर्नाटकातली असेल तर तिथल्या नोंदणी कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र पहिलं. त्याशिवाय इथे पुढचं पाऊल टाकता येत नाही.

अर्ज हे सर्वांत सोपं काम. रिअलक्राफ्टवर भरा, कागद चढवा, फी भरा, पावती जपा, नंबर आला की नाळेवर दोन्ही बाजूंना आणि केबिनवर ठळक रंगवा.

प्रमाणपत्र हातात आलं म्हणून लगेच समुद्रात जाऊ नका. परवाना बोटीबरोबर आपोआप येत नाही, तो तुमच्या नावाने आणि तुमच्या जाळ्याच्या प्रकाराप्रमाणे घ्यावा लागतो. पर्ससीनसाठी, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यासाठी, बोट घेत असाल तर ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन निर्णयातले निर्बंध इसार देण्याआधी वाचा. जुना मालक पर्ससीन मारत होता म्हणून तुम्हालाही परवाना मिळेल असं धरून चालू नका. परवाना झाला की विमा, आणि संस्थेत डिझेल कोट्यासाठी नाव. ही तिन्ही कामं १ ऑगस्टच्या आत उरकायची असतील तर वारसांच्या सह्यांना शिमग्याच्या आसपासच लागा. मुंबईला कामाला असलेले सगळे वारस तेव्हा गावी आलेले असतात.