बाजूला पडलेली विक्षिप्त गाणी कशी ऐकावीत

लक्षपूर्वक ऐकण्याची शिस्त पुण्याच्या श्रोत्यांना कोणी नव्याने शिकवावी लागत नाही. १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात इथले लोक पिढ्यान् पिढ्या विलंबित ख्याल ऐकत आले आहेत, आणि एखादी जागा गायकाने कशी घेतली यावर दुसऱ्या दिवशी घरी आणि कचेरीत मनापासून बोलतही आले आहेत. हाच तयार कान तीन मिनिटांच्या हलक्या गाण्याकडे मात्र क्वचित वळवला जातो, आणि ते गाणे चमत्कारिक असेल, अर्थहीन शब्दांचे असेल किंवा न चाललेल्या चित्रपटातले असेल, तर ‘गंमत म्हणून ठीक आहे’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. अशी गाणी मी अनेक वर्षे आवडीने गोळा करत आलो आहे. ती हसण्यावारी नेऊ नयेत, आणि केवळ दुर्मिळ म्हणून डोक्यावरही घेऊ नयेत. ती करणाऱ्याने त्यांत नेमके काय केले आहे हे शोधत ऐकावीत, असे माझे मत आहे. ते कसे करावे, हे पुढे सांगतो.

सुरुवात दुसऱ्याच्या यादीपासून करू नये. लहानपणी ऐकलेले, चारचौघांत आवडते म्हणून सांगायला थोडा संकोच वाटणारे, पण भांडी घासताना किंवा बसची वाट पाहताना आपोआप ओठांवर येणारे एखादे गाणे प्रत्येकाकडे असतेच; ते पहिले घ्यावे. इतकी वर्षे ते मनात टिकले आहे, म्हणजे त्यात काहीतरी पक्के बांधलेले आहे. पहिल्यांदा ते काहीही न करता पूर्ण ऐकावे. मग पुन्हा लावून गायकाच्या आवाजाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करावे आणि फक्त ठेका व खालचे खर्जाचे सूर धरावेत. त्यानंतर मुखडा आणि अंतरा यांच्या मधले संगीत ऐकावे, कारण विक्षिप्त गाण्यांतली सर्वांत धीट कल्पना बहुधा तिथे असते: गायक थांबलेला असतो, शब्दांचे बंधन नसते, आणि संगीत-संयोजकाला, म्हणजे वाद्यमेळ बांधणाऱ्याला, काही सेकंद मोकळे मिळालेले असतात. शब्द आणि आवाज यांकडे सर्वांत शेवटी यावे. साधनांची फार चिंता करू नये. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरमधून खर्ज जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून बरा हेडफोन असावा, इतकेच.

मधल्या संगीतात एखादा आवाज ओळखू येत नसेल, तर तिथेच थांबून त्याचा माग काढावा. याचे माझ्या दृष्टीने सर्वोत्तम उदाहरण १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातल्या पुंगीचे आहे. हेमंतकुमारांच्या त्या संगीतात आपल्याला ऐकू येणारी पुंगी ही गारुड्याची पुंगी नाही. ती प्रामुख्याने क्लॅव्हिओलाइन नावाच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या कीबोर्डवर वाजवलेली आहे आणि ती वाजवणारे कल्याणजी वीरजी शाह पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतले संगीतकार म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांच्याबरोबर हार्मोनियमवर पुढे संगीतकार झालेले रवी होते. क्लॅव्हिओलाइन १९४७ साली फ्रान्समध्ये कॉन्स्टन्ट मार्टिन यांनी तयार केले. व्हॉल्व्हच्या साहाय्याने सूर निर्माण करणाऱ्या या वाद्यातून एका वेळी एकच सूर निघतो. त्यात स्वरसंगती वाजवता येत नाही, पण सुराचा पोत आणि कंप स्विचच्या खटक्यांनी बदलता येतो. म्हणजे पाश्चात्त्य संगीताच्या दृष्टीने जी त्याची मर्यादा, तीच पुंगीच्या सलग, किंचित नाकातल्या सुरासाठी अगदी सोयीची ठरली. आता त्याच वाद्याचा आवाज १९६२ च्या ‘टेलस्टार’ या इंग्लंडमधल्या वादनात ऐकावा. टॉर्नेडोज या वाद्यवृंदाचे हे ध्वनिमुद्रण जो मीक यांनी केले होते, त्याचे नाव नुकत्याच सोडलेल्या दूरसंचार उपग्रहावरून घेतले होते, आणि तिथे क्लॅव्हिओलाइनचा तोच कंप अंतराळयुगाचा आवाज म्हणून वापरला आहे. एका देशात साप डोलवणारे वाद्य दुसऱ्या देशात उपग्रह उडवते, हे एकदा कानाने अनुभवले की कोणताही चमत्कारिक आवाज ‘विचित्र’ म्हणून सोडून देणे अवघड होते. ‘नागिन’मधली पुंगी आणि ‘टेलस्टार’ लागोपाठ ऐकावीत. मधे तिसरे काही लावू नये.

अर्थहीन शब्दांच्या गाण्यांविषयी आपल्याकडे विशेष अढी आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते. तराण्यातल्या ‘दिर दिर तनन’चा अर्थ कोणी विचारत नाही, ती अक्षरे लयीशी कशी झुंजतात हेच आपण ऐकतो. मग तोच न्याय १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटातल्या ‘ईना मीना डीका’ला का लावू नये? सी. रामचंद्रांच्या या गाण्यात कठोर व्यंजने ठेक्यावर कशी आपटतात आणि दीर्घ स्वर कुठे ताणले जातात, हे पेन्सिलीने टेबलावर ताल धरून ऐकावे. किशोरकुमारांनी गायलेले आणि आशा भोसले यांनी गायलेले अशी त्याची दोन रूपे आहेत. तीच अक्षरे दोन गळ्यांतून गेल्यावर कुठे धारदार होतात आणि कुठे नरम पडतात, याची तुलना करणे हा उत्तम अभ्यास आहे. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, हे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. १९४७ च्या ‘शहनाई’त त्यांनी ‘संडे के संडे’चे अवखळ गाणे केले आणि १९५३ च्या ‘अनारकली’त ‘ये जिंदगी उसी की है’सारखी आर्त चालही त्यांचीच. थिल्लर आणि गंभीर अशी वाटणी ऐकणारा करतो. करणाऱ्याच्या कामात ती नसते, आणि म्हणून एखादे अवखळ गाणे आवडले, की त्याच संगीतकाराचे सर्वांत गंभीर गाणे शेजारी ठेवून ऐकण्याची सवय लावून घ्यावी.

यापुढचे काम नावे शोधण्याचे. इंटरनेटवर फिरणाऱ्या गाण्याखाली बहुतेक वेळा फक्त गायक आणि नट यांची नावे असतात, आणि तीही कधी कधी चुकीची. पुण्यात राहणाऱ्याला इथे मोठा लाभ आहे. १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आपल्या लॉ कॉलेज रस्त्यावर आहे, आणि तिथल्या संग्रहात जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका जपलेल्या आहेत. चित्रपटगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या या पातळ पुस्तिकांत गाण्याचे पूर्ण शब्द, कवी आणि संगीतकार मिळतात, कधी साहाय्यकांची नावेही मिळतात. काय हवे आहे ते चित्रपटाचे नाव आणि सालासह लिहून, आधी रीतसर विचारणा करून जावे. दुसरे ठिकाण म्हणजे बुधवारी आणि रविवारी भरणारा मंगळवार पेठेतला जुना बाजार. तिथे रेकॉर्ड घेताना आधी ती उजेडात तिरपी धरून चरे आणि बुरशी पाहावी, मधले लेबल वाचता येते का ते पाहावे, आणि लेबलाभोवतीच्या कोऱ्या कड्यावर कोरलेला क्रमांक टिपून घ्यावा. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी रेकॉर्ड लाखेची असल्याने पडली की फुटते, आणि तिला एलपीपेक्षा, म्हणजे नंतरच्या लांब चालणाऱ्या रेकॉर्डपेक्षा, जाड सुई लागते. एलपीच्या सुईवर ती वाजवली तर खरखर वाढते, म्हणून दोन्हींसाठी वेगळी सुई ठेवावी. दहा इंची ७८ च्या एका बाजूवर सुमारे तीन ते साडेतीन मिनिटेच मावत असत, त्यामुळे चित्रपटात असलेला एखादा अंतरा रेकॉर्डवर गाळलेला आढळतो. दोन्ही रूपे मिळाली तर दोन्ही ऐकावीत. गाळलेल्या अंतऱ्यात काय होते, यावरून गाणे करणाऱ्यांना त्यातले काय महत्त्वाचे वाटत होते ते कळते.

रेकॉर्ड हाती आलीच आहे, तर तिची मागची बाजू अवश्य ऐकावी. कार्ल डग्लस यांचे १९७४ चे ‘कुंग फू फायटिंग’ हे इंग्रजी गाणे मुळात मागच्या बाजूसाठी, उरलेल्या वेळात घाईने ध्वनिमुद्रित केले होते. त्याचे निर्माते बेंगळुरूहून इंग्लंडला गेलेले बिद्दू होते, आणि पुढे ते गाणे इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेले. ज्या कामावर कोणाचे फारसे लक्ष नसते, त्यात करणारा मोकळा असतो, हे मला अशा मागच्या बाजूंवर पुन्हा पुन्हा जाणवले आहे.

गाणे आवडले, नावे मिळाली, की ते बाजूला का पडले याचा शोध घ्यावा. कारण तो समजल्याखेरीज कौतुक अर्धवट राहते. काही कारणे गाण्याच्या पूर्णपणे बाहेरची असतात. १९५२ नंतर, बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. लोक रेडिओ सिलोनकडे वळले, तिथली अमीन सयानींची साप्ताहिक गीतमाला घराघरांत पोहोचली, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू होईपर्यंत गीतमालेत न आलेल्या गाण्यांच्या वाटा अरुंदच राहिल्या. त्या पाच वर्षांतली गाणी मी म्हणूनच अधिक बारकाईने चाळतो. काही वेळा कारण सामाजिक असते. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्यावर आनंद शिंदे यांच्यासारख्या गायकांची गाणी रिक्षा, मांडव आणि वस्त्या यांतून दुमदुमली, पण ‘चांगले संगीत’ म्हणून लिहिणाऱ्यांनी त्यांची दखल फारशी घेतली नाही. जे लाखोंनी ऐकले तेही दुर्लक्षित असू शकते. या गाण्यांतला ढोलकीचा आणि कीबोर्डचा संवाद काळजीपूर्वक ऐकावा. विसर्जन मिरवणुकीच्या गोंगाटात ऐकलेले ध्यानात धरून मत बनवू नये.

आणि काही गाणी केवळ वेळेच्या आधी येतात. मुंबईतले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रे घेऊन दहा रागांची डिस्को ठेक्यावरची एक एलपी केली. ललित, मधुवंती, यमन असे राग त्यात आहेत. एलपी फारशी खपली नाही. त्यातले एक यंत्र, टीबी-३०३, खरे तर बेस गिटारला पर्याय म्हणून बनवलेले होते. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, आणि चरणजित सिंगांनी ती मींडेच्या अंगाने वापरली. काही वर्षांनी, १९८७ च्या सुमारास, शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्राच्या आवाजावर अ‍ॅसिड हाउस ही नृत्यसंगीताची शाखा उभी केली. २०१० मध्ये ही एलपी पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा जगभरचे ऐकणारे थक्क झाले. ज्याला यमन ओळखू येतो अशा पुणेकराने मात्र केवळ ‘हे आधी झाले’ एवढ्यावर समाधान मानू नये. यमनातला तीव्र मध्यम, म्हणजे चढा ‘म’, यंत्रातून कसा उमटतो, कोणत्या रागाला तो न बदलणारा ठेका मानवतो आणि कोणत्या रागाचा श्वास त्यात कोंडतो, हे त्याने स्वतःच्या कानाने ठरवावे. मला मधुवंती मानवलेली वाटते आणि ललित गुदमरलेला. तुम्हाला उलट वाटू शकेल, पण मत कारणासह वहीत लिहावे.

वही हवीच. तिच्यात गाण्याचे साल, नावे आणि ‘छान’, ‘भन्नाट’ हे शब्द न वापरता लिहिलेली दोन-तीन वाक्ये असावीत: कोणत्या क्षणी कान टवकारले आणि तिथे काय घडत होते. असे लिहिताना एखाद्या गाण्याविषयी विक्षिप्तपणापलीकडे काही सुचलेच नाही, तर ते न संकोचता बाजूला ठेवावे. सगळीच विसरलेली गाणी अन्यायाने विसरलेली नसतात.

दुसऱ्याला ऐकवताना आधी ‘बघ किती विचित्र आहे’ असे म्हणू नये. तसे म्हटले की ऐकणारा हसण्याच्या तयारीने बसतो. साल आणि संगीतकार एवढेच सांगावे, गाणे पूर्ण होऊ द्यावे, मग मधले संगीत तेवढे पुन्हा लावावे. एका बैठकीत दोन गाणी पुरेत. आणि पुढचे गाणे शोधताना गायकाचे नाव न धरता वादकाचे धरावे. १९६९ च्या ‘रूप तेरा मस्ताना’तले अकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचे आहे, त्यांचे वडील कावस लॉर्ड तालवादक म्हणून चित्रपटसंगीतात नावाजलेले होते. या पितापुत्रांची नावे जिथे जिथे आढळतील ती गाणी, चित्रपट चाललेला असो वा नसो, एकेक करून ऐकत जावीत.