जुनं म्हणजे महागच? कॉमिक्स आणि ओरिजिनल आर्ट घेताना या चुका टाळा

'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा १९३८चा पहिला अंक तेव्हा दहा सेंटला मिळायचा. २०२४मध्ये त्याची एक प्रत ६० लाख डॉलरला गेली. असं काही कानावर आलं की नवा माणूस दिसेल तो पिवळा कागद उचलत सुटतो. पण त्या अंकात सुपरमॅन जन्मला होता. जुन्या काउबॉय कॉमिक्सना आज विचारणारे थोडेच, कारण ती वाचत वाढलेली पिढीच ओसरली.

भाव कागदाच्या वयाला नसतो, घेणाऱ्याच्या बालपणाला असतो. बाराव्या वर्षी वाचलेलं माणूस पन्नाशीत, हातात पैसा खुळखुळू लागला की शोधतो. 'सीक्रेट वॉर्स'च्या १९८४च्या आठव्या अंकातलं काळ्या पोशाखातल्या स्पायडरमॅनचं ओरिजिनल पान (म्हणजे छापण्याआधी चित्रकारानं हातानं काढलेलं) जानेवारी २०२२मध्ये ३३.६ लाख डॉलरला गेलं, त्यामागे हेही गणित आहे. अर्थात नुसत्या आठवणीही पुरत नाहीत. १९९१चा 'एक्स-मेन'चा पहिला अंक ८० लाखांच्या घरात खपला आणि पुष्कळांनी तो 'पुढे सोनं होईल' म्हणून जपला. सगळ्यांकडेच आहे म्हटल्यावर घेणार कोण?

दुसरी चूक खर्चाची. बोली हजार डॉलरवर थांबली म्हणजे हजारात पडलं, असं नाही. लिलावगृहाचं कमिशन पाचवा हिस्सा धरूनच चला, म्हणजे झाले बाराशे. वर पाठवणी, विमा, कर. उद्या विकताना पुन्हा कात्री लागते ती वेगळी.

ओरिजिनल आर्टमध्ये मी स्वतः फसलो आहे. आवडत्या पेन्सिलरचं, म्हणजे आधी पेन्सिलीनं चित्र काढणाऱ्याचं, पान म्हणून घेतलं, घरी नीट पाहिलं तर रेषांखाली फिकट निळी छपाई. पेन्सिलरच्या चित्राचा स्कॅन दुसऱ्या बोर्डवर, म्हणजे चित्राच्या जाड कागदावर, निळ्यात छापून त्यावर इंकरनं शाई चढवली होती. माझ्या लाडक्या चित्रकाराचा हात त्या बोर्डाला लागलाच नव्हता! विकणारा खोटं बोलला नव्हता. मीच विचारलं नव्हतं. तेव्हा पेन्सिल आणि शाई एकाच बोर्डवर आहेत का, हे आधी विचारा. पान तिरप्या उजेडात धरा. खोडलेल्या पेन्सिलीचे चरे बहुधा दिसतात. अलीकडच्या पानावर संवादाचे फुगे नसले तर घाबरू नका, अक्षरं आता संगणकावर पडतात. आणि चित्रकार टॅबलेटवरच काढत असेल, तर कागदी मूळ पान नसतंच. सही केलेला प्रिंट प्रिंटच्याच भावात घ्यावा.

अवस्था तपासून, ग्रेड देऊन प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेला अंक घेताना ग्रेडच्या आकड्याआधी लेबल वाचा. सीजीसी या ग्रेड देणाऱ्या कंपनीचं जांभळं लेबल म्हणजे रिस्टोरेशन (डागडुजी) झालेलं, आणि भाव त्या मानानं बराच खाली.

फ्रेम उन्हात टांगू नका. मार्करची शाई सर्वांत आधी उडते. मागे जुन्या चिकटपट्टीचा तपकिरी डाग असेल तर नखानं खरवडायला जाऊ नका, वरचा पापुद्रा सोबत निघतो. ते काम कागद-संवर्धकाकडे द्या, आणि त्याची फी विचारूनच पानाची बोली लावा.