बाररेषा ओलांडणारी ट्रिप्लेट
४/४ मध्ये (दर बारमध्ये, म्हणजे दोन उभ्या बाररेषांमधल्या भागात, चार मात्रा) चौथ्या मात्रेवर सुरू होऊन पुढच्या बारमध्ये संपणारी ट्रिप्लेट लिहायची होती, दोन मात्रांत तीन सारखे स्वर. संगीत लिहिण्याचं सॉफ्टवेअर काही केल्या ती बाररेषेपलीकडे जाऊ देईना. शेवटी ती फोडली. चौथ्या मात्रेवर एका मात्रेची एक ट्रिप्लेट: क्वार्टर (एट्थच्या दुप्पट लांबीचा स्वर), मग एट्थ. पुढच्या पहिल्या मात्रेवर दुसरी: एट्थ, मग क्वार्टर. मधले दोन एट्थ टायने (दोन स्वर सलग एकच वाजवायला सांगणारी वक्ररेषा) जोडले. प्लेबॅक अचूक आला, प्रत्येक स्वर बरोब्बर दोन तृतीयांश मात्रेचा.

पण वाजवणाऱ्याची नजर त्या टायवर अडखळते, आणि ते मला पटत नाही. म्हणून छापायच्या प्रतीत दोन बारांचा आठ मात्रांचा एकच बार केला, ट्रिप्लेट अखंड लिहिली, दुसऱ्या-तिसऱ्या स्वरामध्ये उभी रेघ हाताने ओढली. दोन बारांचा एक झाल्यामुळे पुढचे बार क्रमांक एकाने वाढवायला विसरू नका. बाररेषा ओलांडणारी ट्रिप्लेट लिहिण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये मुळातच हवी. तशी मागणी नोंदवली आहे.